एका लुगड्याची गोधडी

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, पन्हा एक मीटरहून थोडा जास्त. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा होतो. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की गोधडीची वरची बाजू तयार, उरलेले दोन जोडले की खालची. कात्री तीनदाच चालवायची आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. पाचवारीत हा हिशेब बसत नाही. साडेपाच मीटरचे दोन तुकडे करून जोडले की एकच बाजू निघते, तीही गरजेपेक्षा लांब. आणि मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांतही आता कपाट उघडलं की पाचवारीच हाती लागते, बहुतेकदा सिंथेटिक. म्हणूनच एखाद्या बचत गटाने गोधडीची कार्यशाळा घ्यायची ठरवली, तर पहिला दिवस कापड निवडण्यातच घालवावा, असं मी म्हणेन.

कापड सुती हवं आणि पुष्कळ धुतलेलं हवं. जुन्या सुतातून सुई सहज जाते, शिवाय ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं कापड न धुता घातलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, शेजारचं आटत नाही, आणि गोधडीला फुगे येतात. रंगाची परीक्षा सोपी आहे: ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड चोळायचं. फडकं रंगलं तर ते कापड बाजूला. सिंथेटिक साडी शिवताना थरांवरून घसरते आणि अंगाखाली घाम टिपत नाही. जरतार टोचते, म्हणून जरीचा काठ उसवून टाकावा. साधा सुती काठ मात्र जपून ठेवावा, शेवटी कडेची पट्टी म्हणून तो उपयोगी पडतो.

मग थर किती घालायचे? इथे किनारा आणि घाटमाथा यांच्या वाटा वेगळ्या होतात. घाटावर थंडी असते, वाकळ, म्हणजे तिकडची गोधडी, जड असली तर चालते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सुकायला दोन दिवस घेणारं पांघरूण श्रावणात कुबट होणारच. वर एक, खाली एक आणि मध्ये एक किंवा दोन थर पुरेत. मधला भर धोतराचा किंवा विरलेल्या चादरीचा. कापूस भरायचा मोह टाळावा: तो ओला झाला की गोळे होतात आणि लवकर वाळत नाही.

थर अंथरायला सारवलेल्या खळ्यासारखी जागा नाही, फक्त खाली चटई हवी. खालचा थर उलटा पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. तो ताणायचा नाही, नुसता सपाट करायचा. ताणलेलं कापड दगड काढताच आखडतं. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारत बसवायचा. नवशिक्यांनी त्यावर हातभर अंतराने कच्चा टाका घालावा, तोही मधून सुरू करून बाहेर. जाणत्या बायका हे करत नाहीत, त्यांच्या तळहाताला सुरकुती कळते.

पक्का टाका म्हणजे साधा धावदोरा. दोरा सुती आणि जाड घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा बळकट असतो आणि काही वर्षांत जुनं लुगडंच कापतो. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून ओढायचा. मधल्या बोटाला अंगुस्तान. डाव्या हाताचं बोट थरांखाली ठेवायचं. सुईचं टोक त्याला लागलं म्हणजे खालचा थर टाक्यात आला. हे बोट चुकारपणा करू लागलं की गोधडी वरून सुंदर दिसते आणि खालचा थर सुटा लोंबतो.

टाक्यांची दिशा कोणती, हा शिकण्याजोगा भाग. बऱ्याच गोधड्यांत कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत आत येतात. त्यामुळे ढिलं कापड मध्याकडे ढकललं जातं आणि तिथे बारीक लाटा उठतात. हीच रीत गोव्यापलीकडच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायकांनी फार पुढे नेली आहे. यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून पळून त्यांनी यल्लापूर-हल्याळची जंगलं गाठली. त्या आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. आधी तुकडे जोडून मग थर शिवायचे, असं त्या करत नाहीत. एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडा दुमडून ठेवायचा आणि त्याच धावदोऱ्यात तो थरांना टाचायचा, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. जोडणी आणि शिवण एकदमच होते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांचं फूल बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. 2004 मध्ये अमेरिकी कलाभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि घरच्या पांघरुणाला बाहेर गिऱ्हाईक मिळालं.

मालवणात असा गट उभा करायचा तर पहिलं काम बाळाची गोधडी असावं, 75 बाय 90 सेंटिमीटरची. दीड सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर पन्नास ओळी, म्हणजे 45 मीटर शिवण. तासाला तीन मीटर धरले तरी पंधरा तास होतात. हंगाम मार्च-एप्रिलचा बरा: ऊन कडक, खळं कोरडं, आणि भातलावणी दूर. आंबा-काजूच्या घरात मात्र याच महिन्यांत कुणाला फुरसत नसते, तेव्हा बैठक दुपारच्या दोन तासांची ठेवलेली बरी. मे अखेरीस सगळ्या गोधड्या धुऊन, दोन्ही बाजूंनी उन्हं देऊन पेटाऱ्यात गेलेल्या हव्यात.

मजुरीचा प्रश्न या तासांच्या हिशेबातूनच निघतो. पर्यटक आकार बघून भाव करतो आणि गटही मग नगावर पैसे देऊ लागतो. हे अन्यायाचं आहे. एका माणसाच्या 110 सेंटिमीटर रुंद, दोन मीटर लांब गोधडीवर चार-चार सेंटिमीटरने विरळ ओळी मारल्या तर शिवण साधारण 55 मीटर होते. बाळाच्या त्याच छोट्या गोधडीवर एकेका सेंटिमीटरने दाट टाका घातला, तर ती 67 मीटरच्या आसपास जाते. तेव्हा टेप घेऊन ओळी मोजाव्यात आणि मीटरवर दर ठरवावा. तो दर किती, हे गटातल्या बायकांनीच बसून ठरवायचं.