पिवळ्या रंगाचा वाढदिवस

मागल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझ्या पुतणीचा तिसरा वाढदिवस लवळ्याला, धाकट्या भावाच्या घरी झाला. लवळे हे मुळशी तालुक्यातले भाताचे गाव. आता तिथल्या टेकडीवर विद्यापीठ उभे आहे, पिरंगुटच्या कारखान्यांत जाणारी मंडळी गावात खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांच्याबरोबर शहरातल्या चालीही आल्या आहेत. एका रंगाचा वाढदिवस ही त्यातलीच एक. रंग ठरला पिवळा. फुगे पिवळे, केक पिवळा. आणि मोबाइलवरून घरोघर निरोप गेला, की मुलांनी पिवळ्या कपड्यांत यावे.

शेजारच्या खोलीतली मुलगी तेवढी आली नाही. रोज अंगणात खेळायला येणारी पोर, म्हणून भावजयीने दुसऱ्या दिवशी विचारले. तिची आई म्हणाली, "वैनी, तिला पिवळा फ्राक न्हाई. म्हनलं, सगळ्यांत येगळी दिसंल, कशाला धाडा?"

यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. ही नवी थेरेच नकोत, असे आमच्या मातोश्रींचे मत पडले. मला ते पटले नाही. रंगाचा सोहळा आपल्याला मुळीच नवा नाही. संक्रांतीचे बोरन्हाण आठवा. बाळाला काळे झबले, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. याहून नेटका रंगाचा सोहळा दुसरा कोणता दाखवाल? पण त्यात एक शहाणपण होते. रंग पाळायचा तो फक्त बाळाने. आलेल्या पोरांनी असतील त्या कपड्यांत यावे आणि बाळाच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे, चुरमुरे गोळा करावेत. पाहुण्याच्या कपड्यांची चौकशी तिथे कोणी करीत नसे.

म्हणून यंदा चौथ्या वाढदिवसाला निरोप बदलला : 'येताना घरातली, नाहीतर शिवारातली एक पिवळी वस्तू घेऊन या. पैसे खर्च करू नका.'

दसऱ्याच्या दिवसांत मुळशीच्या बाजूला पिवळ्या रंगाला काय तोटा! झेंडू तर होताच. पण भोपळ्याचे फूल आले, दोडक्याचे आले, माळावरची सोनकी आली, पिकत आलेल्या भाताची लोंबी आली. एकाने हळकुंड आणले, एकाने चण्याची डाळ मूठभर. शेजारची ती मुलगी कारळ्याची फुले घट्ट मुठीत धरून सर्वांच्या आधी दारात हजर होती. साडेतीन-चार वर्षांची दहा-बारा मुले आणि मध्ये पिवळ्या वस्तूंनी भरलेले सूप. खेळाची निराळी तयारी करावीच लागली नाही.

इथे शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. लहान मुलाला रंग दिसतो लवकर, पण त्याचे नाव फार उशिरा पक्के होते. माँटेसोरीबाईंनी रंगांच्या पट्ट्यांची पहिली पेटी केली तिच्यात तांबडा, निळा आणि पिवळा या तीनच रंगांच्या जोड्या ठेवल्या. आधी जोडी लावणे, मग नाव. नावही तीन पायऱ्यांनी : 'हा पिवळा', मग 'पिवळा दे बघू', आणि शेवटी 'हा कोणता?' आपण घाईने तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतो आणि मूल चुकले की हसतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तिथे व पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी दाखवून दिले, की या शिक्षणाला महागड्या पेट्या लागत नाहीत. पाने, फुले, बिया, शंखशिंपले पुरतात. आमचे सूप त्याच जातीचे होते.

मराठीत आणखी एक गंमत आहे. झेंडू पिवळा, डाळ पिवळी आणि केळे पिवळे! एकाच रंगाची तीन रूपे मुलाच्या कानावर पडतात. 'लाल' मात्र कुठेही लालच राहतो. तेव्हा वस्तूसकट रंग बोलावा, नुसता नव्हे. डाळिंबी, पोपटी, आमसुली, अबोली ही आपली रंगांची नावे तरी कुठून आली? शेतातून, झाडावरून आणि स्वयंपाकघरातूनच ना!

खेळांत सर्वांना आवडला तो हळदीचा. पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी फासून वाळवले आणि मुलांना साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघा ओढायला सांगितले. रेघ तांबडी उमटते! हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. साबण अल्कधर्मी, म्हणून हळदीतला रंग पालटतो. वरून लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीपासून कुंकू करीत ते याच गुणावर.

खाण्यात भोपळ्याचे घारगे, केळी आणि वरणभात. घारगे जरा तांबूसच झाले, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. बाजारातल्या भडक पिवळ्या मिठाईपासून जपावे. मेटॅनिल यलो नावाचा कापड-कागदाचा रंग खाद्यपदार्थांत घालायला कायद्याने बंदी आहे, तरी भेसळीत तो सापडतो. तसेच, न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलाच्या घशात अडकून जीव जाऊ शकतो. अख्ख्या शेंगदाण्याचेही तसेच. आम्ही फुगे आणलेच नाहीत. दीड तासात कार्यक्रम आटोपला. या वयाची मुले त्यापुढे रडतातच. दिवा ओवाळावा की मेणबत्ती विझवावी, हा वाद ज्याने त्याने आपापल्या घरी मिटवावा.

एक मुलगा हिरवे लिंबू घेऊन आला. त्याची आई खजील झाली; "याला रंगच कळत न्हाईत," म्हणाली. मी त्याच्यापुढे झेंडू, भोपळ्याचे फूल आणि दोन हिरवी पाने ठेवून म्हटले, "सारखे सारखे जवळ लाव." त्याने बिनचूक लावले. नाव चुकणे निराळे आणि रंग न दिसणे निराळे. जोडीच लागत नसेल, लाल-हिरव्यात वारंवार गफलत होत असेल, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. हा दोष जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळतो. रागावून जाणारा नव्हे.

"मग हे लिंबू रे का आणलंस?" मी विचारले.

"व्हनार हाय पिवळं," तो म्हणाला.

भावजयीने ते खिडकीत ठेवले. तो रोज शाळेतून येताना डोकावून पाहून जाई. आठवड्याभरात लिंबू पिवळे झाले, तेव्हा ते परत मागून घेऊन गेला.