वाचनालयातील माहितीपट आणि मानवी हक्क

दरवर्षी १० डिसेंबर रोजी मानवी हक्क दिन पाळण्यात येतो. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्या निमित्ताने व्याख्याने होतात आणि ती व्हावीतही. परंतु जाहीरनाम्याच्या तीस कलमांचे विवरण ऐकून घरी परतणाऱ्या श्रोत्याला, नेमका कोणाचा हक्क कोठे डावलला जातो हे दिसलेले नसते. ते दाखविण्याचे सामर्थ्य माहितीपटात आहे, आणि माहितीपटासाठी वाचनालय ही अतिशय योग्य जागा आहे.

स्टॅलिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' (२००७) हा माहितीपट उदाहरणादाखल घेऊ. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तरीही चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे पेले कसे ठेवले जातात, शाळेत त्यांच्या मुलांच्या वाट्याला कोणती कामे येतात, हे या माहितीपटात निरनिराळ्या राज्यांतील माणसे स्वतः सांगतात. विशेष म्हणजे येथे केवळ हिंदू समाजावर बोट ठेवलेले नाही. शीख, मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांतील जातिभेदही त्यात आहे. आपल्या सभागृहात हा भाग वगळून पुढे जाण्याचा मोह होईल. तो टाळावा. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ साली जाहीर केलेल्या दलित सक्षमीकरण धोरणात ख्रिस्तसभेतील जातिभेद मान्य केलेला आहे. मग भाविकांनीच तो पाहण्याचे का टाळावे?

पडद्यावर पाहिलेले खरे कशावरून, असा प्रश्न कोणी तरी विचारणारच. वाचनालयाचा उपयोग तेथे होतो. संविधानाची मराठी प्रत, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि पोप तेविसावे जॉन यांचे १९६३ चे 'पाचेम इन तेरीस' हे परिपत्रक त्या दिवशी कपाटातून काढून मेजावर मांडावे. दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलती का नाहीत, हा प्रश्नही हमखास निघतो. त्यासाठी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हाताशी असावा. मुळात हिंदूंपुरत्या असलेल्या या आदेशात १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचा झालेला नाही.

'इंडिया अनटच्ड' पावणेदोन तासांहून अधिक चालतो आणि त्यात अनेक भाषा कानी पडतात. म्हणून तो दोन भागांत दाखवावा व मध्ये थांबून मराठीत समजावून सांगणारी एक जाणकार व्यक्ती नेमावी. चर्चेला किमान अर्धा तास द्यावा. माहितीपट संपताच दिवे लावून आभारप्रदर्शन उरकण्याची आपली पद्धत येथे उपयोगाची नाही. ज्यांनी असा अपमान सोसला आहे त्यांना बोलावेसे वाटल्यास प्रथम बोलू द्यावे, मात्र त्यांना आग्रह करू नये.

माहितीपट घरी पाहण्यासाठी घेतला म्हणजे तो सभेत दाखविण्याची मुभा मिळते असे नाही. निर्मात्यांची लेखी परवानगी आधीच मागवावी, तसेच जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र आहे का, याचीही चौकशी करावी.