गुप्तहेराची सुई आणि प्राध्यापकाची सुई

शेरलॉक होम्स आपल्यापैकी पुष्कळांना शाळेतच भेटतो, बहुधा भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून. टोपी, पाइप आणि भिंग एवढीच त्याची ओळख मग मनात घर करून बसते. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मूळ इंग्रजी पुस्तक हाती आले, की मात्र पहिल्याच पानावर दचकायला होते. ‘द साइन ऑफ फोर’ ही १८९० सालची कादंबरी खुनाने सुरूच होत नाही. होम्स बाही वर सारतो, सुयांच्या खुणांनी भरलेल्या आपल्या हाताकडे क्षणभर पाहतो आणि कोकेनचे सात टक्क्यांचे द्रावण टोचून घेतो. असे दिवसातून तीन वेळा, कित्येक महिने चालले आहे. डॉक्टर असलेला वॉटसन हे पाहतो आणि मनातल्या मनात चडफडतो. काळा पहाड आणि झुंजार यांच्यावर पोसलेल्या आपल्या वाचकाला असला नायक पचनी पडणे कठीणच!

होम्सच्या या सुईची आठवण ठेवून आर्थर कॉनन डॉयल यांची मार्च १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द क्रीपिंग मॅन’ ही कथा वाचावी, असे मी सुचवीन. (रहस्य फोडल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण ते फोडल्यावाचून पुढे बोलताच येत नाही.) प्रेसबरी हे एकसष्ट वर्षांचे नामवंत प्राध्यापक, विषय शरीरविज्ञान. पत्नी वारलेली, घरात उपवर कन्या. अशा स्थितीत ते एका सहकाऱ्याच्या तरुण मुलीच्या प्रेमात पडतात. देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ साली आपल्या रंगभूमीवर आणलेल्या विषयाशी हे फार लांबचे नाही. आपला भुजंगनाथ पैशावर विसंबला. प्रेसबरी विज्ञानावर विसंबतात, एवढाच फरक.

प्रागहून गुपचूप एक औषध येऊ लागते. दर नऊ दिवसांनी प्राध्यापक बदलतात. रात्री चार पायांवर चालल्यासारखे वाकून बोळातून जातात, वेलीला धरून भिंत चढतात. मुलगी मध्यरात्री डोळे उघडते, तो दुसऱ्या मजल्यावरील तिच्या खिडकीच्या काचेला बापाचा चेहरा चिकटलेला! माणसांना काही उमगण्याआधी रॉय हा घरचा इमानी कुत्रा धन्यावर धावून जातो. सेक्रेटरीच्या वहीत तारखा आहेत : जुलैची २, ११ आणि २०. औषध म्हणजे हिमालयातील काळतोंड्या वानराचे सीरम. इंग्रज वाचकाला या प्राण्याच्या नावानेच कापरे भरले असेल. आपल्याकडे तो देवळाच्या कळसावर बसून प्रसादाची वाट पाहतो, त्यामुळे आपली भीती जरा पातळ होते, हे कबूल करायला हवे.

ही कल्पना निव्वळ हवेतली नव्हती. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत मिळाल्याचे विद्वानांच्या सभेत सांगितले. त्या अर्कात तसा गुण नव्हता, हे पुढे दिसून आले. पण अंतःस्रावी ग्रंथींच्या अभ्यासाला मात्र त्याने चालना मिळाली. १९२० मध्ये व्होरोनॉफ या शल्यवैद्याने माकडाच्या ग्रंथींच्या चकत्या माणसांत बसवल्या. श्रीमंत म्हातारे त्याच्याकडे रांगा लावत. डॉयल स्वतः डॉक्टर होते. विद्यार्थिदशेत, १८७९ साली, त्यांनी जेल्सेमियम हे विषारी औषध चढत्या मात्रेत स्वतःच घेतले आणि त्याचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याचा मोह त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

मला या कथेतील सर्वांत काळोखी जागा वाटते ती शेवटची. चिडवलेला कुत्रा पट्ट्यातून निसटून प्राध्यापकांच्या गळ्याचा घोट घेतो. त्यांना कसेबसे सोडवल्यावर त्यांची लाकडी पेटी उघडली जाते. आत दोन कुप्या, काही पत्रे आणि एक इंजेक्शनची सुई. वॉटसन हे नोंदवतो आणि पुढे जातो. बेकर स्ट्रीटवरची ती दुसरी सुई त्याला आठवली नसेल? याच कथेच्या आरंभी तो होम्सच्या सवयींची यादी देतो. व्हायोलिन, तंबाखू, जुना काळा पाइप, त्यांतच स्वतः वॉटसन, आणि आणखी काही, ज्यांना क्षमा करणे जड जाते अशा! १९०४ सालच्या एका कथेत तर तो स्पष्टच सांगतो, की होम्सचे व्यसन आपण हळूहळू सोडवले खरे, पण ते मेलेले नाही, झोपले आहे.

म्हणूनच होम्स इथे प्राध्यापकांना गुन्हेगार म्हणत नाही. कंटाळ्यावर उतारा म्हणून सुई घेणारा, वार्धक्यावर उतारा म्हणून सुई घेणाऱ्याला कोणत्या तोंडाने दोष देणार? दोष तो प्रागच्या औषधविक्याला देतो. त्याला पत्र लिहून जबाबदार धरल्याचे सांगतो. पण असे औषध पुन्हा कोणीतरी शोधील, हेही त्याला दिसते. त्याच्या हाताखाली पोलीस नाहीत, न्यायालय नाही, कथेत खूनही नाही. फाटलेला गळा शिवायला वॉटसन आहे, आणि वरच्या खोलीत कुठेतरी ती मुलगी आहे, जिच्या खिडकीबाहेरची वेल अजून तशीच आहे.