बंद बोटीतील डिझेलची टाकी गंजण्यापासून कशी वाचवावी?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, उत्तन येथील आपले कोळी बांधव या काळात बोटी शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात, इंजिनाची डागडुजी करतात. पोलादी पत्र्याच्या डिझेलच्या टाकीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती डोळ्यांआड असते आणि आतून गंजत राहते. परिणाम दिसतो तो ऑगस्टमध्ये. खवळलेल्या समुद्रात बोट हेलकावे खाऊ लागली की तळाचा गंज आणि गाळ ढवळला जातो, फिल्टर तुंबतो व ऐन लाटांत इंजिन बंद पडते. प्रश्न खलाशांच्या जिवाचा असल्यामुळे या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

डिझेलमुळे लोखंड गंजत नाही. उलट त्याचा पातळ थर पत्र्याचे रक्षण करतो. गंजासाठी पाणी आणि प्राणवायू लागतो. अर्धवट रिकाम्या टाकीत ही दोन्ही असतात. दिवसा टाकी तापते, आतील हवा फुगून नळीवाटे बाहेर जाते. रात्री टाकी थंड झाली की बाहेरची दमट, खारी हवा आत ओढली जाते व तिच्यातील बाष्प पत्र्यावर जमते. हे पाणी थोडेच असते. १००० लिटरच्या टाकीतील हवेत ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. परंतु उघड्या पत्र्याला गंजण्यास तेवढा ओलावा पुरतो. खरे जास्त पाणी शिरते ते झाकणाच्या झिजलेल्या रबरी कड्यातून आणि हवेच्या नळीच्या उघड्या तोंडातून. म्हणून पावसापूर्वी ते कडे बदलावे आणि नळीचे तोंड खाली वळलेले आहे याची खात्री करावी.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, आम्ल निर्माण करतात व पत्र्याला खड्डे पाडतात. फिल्टरमध्ये काळसर, बुळबुळीत गाळ आढळल्यास ही त्यांचीच खूण समजावी.

यावर उपाय दोनच आहेत: टाकी भरलेली ठेवावी किंवा पूर्णपणे कोरडी. मधली अवस्था सर्वांत घातक होय.

बोट दोनच महिने बंद राहणार असेल, तर तळाच्या तोटीतून पाणी काढून टाकी सुमारे ९५ टक्के भरावी. काठोकाठ भरू नये, कारण तापमान १० अंशांनी वाढले की १००० लिटर डिझेल सुमारे ८ लिटरने फुगते. त्याच कारणाने भरलेल्या टाकीची हवेची नळी कधीही बंद करू नये.

हंगामाच्या शेवटी एवढे पैसे डिझेलमध्ये अडकविणे अनेकांना परवडत नाही, हे आम्ही जाणतो. अशा वेळी, किंवा टाकी वर्षभर वापरायची नसेल तेव्हा, दुसरा मार्ग धरावा. सर्व डिझेल काढावे, तळाचा गाळ लांब दांड्याच्या फडक्याने पुसून घ्यावा, टाकी हवेने सुकवावी आणि आतून स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ हात द्यावा. मग सिलिका जेलची कापडी पिशवी आत टांगून सर्व तोंडे घट्ट बंद करावीत. दमट दिवसांत पिशवी अधूनमधून तपासून बदलावी. आत पिशवी असल्याची चिठ्ठी झाकणाला बांधावी, म्हणजे ती न काढता कोणी डिझेल भरणार नाही.

टाकीला आतून साधा रंग किंवा जस्ताचा मुलामा देऊ नये. रंगाच्या खपल्या सुटतात आणि जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन फिल्टर तुंबतो. बाहेरून मात्र रंग अवश्य द्यावा. टाकी लाकडावर टेकते तेथे खारे पाणी साचत नाही ना, हेही पाहावे.

येथे एक गंभीर इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. बंद, गंजलेल्या टाकीत तो इतका कमी होऊ शकतो की आत उतरलेला मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचविण्यास उतरणाराही दगावतो. म्हणून मोठ्या टाकीत डोकेसुद्धा घालू नये. सफाई बाहेरूनच करावी. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करणे तर त्याहून धोक्याचे. तळाशी उरलेले थोडे डिझेलही उष्णतेने वाफ होऊन स्फोट घडवू शकते. हे काम जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे.

बंदी उठण्यापूर्वी टाकी तपासावी. पेट्रोल पंपावर वापरतात ती पाणी दाखविणारी पेस्ट मापपट्टीच्या टोकाला लावून तळापर्यंत बुडवावी. रंग बदलल्यास पाणी आहे असे समजून ते काढून टाकावे. फिल्टर नवा बसवावा, किनाऱ्याजवळच काही काळ इंजिन चालवून पाहावे आणि एक जादा फिल्टर बोटीत ठेवूनच समुद्रात जावे.