संगणक प्रणालीच्या रचनेत व्यवसायक्षेत्र व उपक्षेत्रांचे आकलन : सातबाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगणक प्रणाली सदोष ठरण्यामागे तंत्रज्ञानाची उणीव हेच एकमेव कारण नसते. ज्या व्यवहारासाठी ती तयार केली जाते, त्या व्यवहाराचे अपुरे आकलन हेही तितकेच महत्त्वाचे कारण असते. एरिक इव्हान्स यांनी २००३ साली प्रकाशित झालेल्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. टेंभुर्णी (ता. जाफ्राबाद, जि. जालना) परिसरातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या परिचयाचा सातबारा उतारा घेऊन प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
प्रणाली ज्या मानवी व्यवहाराची सेवा करते तो संपूर्ण व्यवहार म्हणजे व्यवसायक्षेत्र होय. त्यातील स्वतंत्र नियम, स्वतंत्र अधिकारी आणि स्वतंत्र परिभाषा असलेला भाग म्हणजे उपक्षेत्र होय. उपक्षेत्रांचे तीन प्रकार मानले जातात : १) मुख्य, २) साहाय्यक व ३) सामान्य. जमीन अभिलेखाच्या व्यवहारात फेरफार प्रमाणित करणे हे मुख्य, उताऱ्याच्या प्रतींचे वितरण हे साहाय्यक, तर शुल्कभरणा हे कोणत्याही कार्यालयास समान असणारे सामान्य उपक्षेत्र मानता येईल.

विवेचन :
एकच शब्द दोन उपक्षेत्रांत भिन्न अर्थ धारण करतो, ही यातील खरी अडचण होय. 'क्षेत्र' हा शब्द पाहू. गाव नमुना ७ मध्ये तो खातेदाराने धारण केलेली जमीन दर्शवितो, तर नमुना १२ मध्ये पिकाखालील जमीन. एक हेक्टर जमिनीत खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा घेतल्यास वर्षभराचे पीकक्षेत्र दोन हेक्टर भरते. ही चूक नव्हे. परंतु 'पीकक्षेत्र धारण क्षेत्रापेक्षा अधिक नसावे' असा नियम हंगामाचा विचार न करता प्रणालीत घातल्यास शेतकऱ्याची खरी नोंद नाकारली जाईल. पीक कर्ज, पीक विमा वा नुकसानभरपाईच्या वेळी त्याची झळ त्यालाच पोहोचेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला. त्यामुळे हे उपक्षेत्र हक्काच्या नोंदीपासून वेगळे राखणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

'नोंद' या शब्दाचेही तसेच आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्त नोंदविला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार होणारी फेरफार नोंद मात्र वेगळी होय. तीत नमुना ६ मध्ये नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत व त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण असे टप्पे असतात. हरकत आल्यास प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. समजा, सामाईक जमिनीतील एका भावाने आपल्या हिश्श्यापेक्षा अधिक जमीन विकली. दस्त होताच सातबारा आपोआप बदलणारी प्रणाली वेगवान दिसेल. पण बहिणीचा वा अन्य भावाचा हरकत घेण्याचा अधिकार तीत लोपेल. म्हणून दोन उपक्षेत्रांमध्ये माहितीची देवाणघेवाण असावी, परंतु एकाच्या नियमांनी दुसऱ्याचा निर्णय घेऊ नये. ई-फेरफार प्रणालीत नोंदणीकृत दस्ताची माहिती संगणकाद्वारे पुढे येते, तरी नोटीस व प्रमाणीकरण हे टप्पे कायम आहेत, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
१) प्रणालीची रचना करण्यापूर्वी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), मंडळ अधिकारी व शेतकरी यांची परिभाषा समजून घ्यावी.
२) प्रत्येक उपक्षेत्राचा शब्दकोश स्वतंत्र ठेवावा.
३) व्यवहारातील विलंब हा दोष आहे की संरक्षण, हे तपासल्याशिवाय तो काढून टाकू नये.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य देताना महसूल, वाणिज्य व विधी या विषयांच्या प्राध्यापकांचे मार्गदर्शन घेतल्यास हे आकलन महाविद्यालयीन स्तरावरच साध्य होऊ शकेल.