एक नंबर, एकच संगणक



संगणक कक्षात कधी कधी पडद्यावर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ अशी सूचना येते आणि त्या संगणकाचे इंटरनेट बंद पडते. परीक्षेचे फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस असला तर मोठीच धांदल उडते. यंत्र बिघडलेले नसते. दोन यंत्रांना एकच नंबर मिळालेला असतो.

आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कमधला घर नंबर. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९६ सालच्या नियमाने खासगी नेटवर्कसाठी राखलेले आहेत. म्हणून १९२.१६८.१.१० हा नंबर जैनथमध्येही असू शकतो आणि आदिलाबादेतही. पण एकाच शाळेत तो दोघांना मिळाला, तर टपाल कोणाच्या दारी टाकायचे?

बहुतेक ठिकाणी राउटरच नंबर वाटतो. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. प्रिंटरला मात्र आपण हाताने कायमचा नंबर देतो. घोटाळा इथेच होतो. नंबर घेण्यापूर्वी संगणक सहसा विचारतो, ‘हा कोणाकडे आहे का?’ प्रिंटर बंद असेल तर उत्तर येत नाही, आणि राउटर तोच नंबर दुसऱ्याला देऊन बसतो. प्रिंटर सुरू केला की भांडण सुरू! म्हणजे उत्तर आले नाही म्हणून नंबर रिकामा आहे, असे समजू नये.

यावर उपाय सोपे आहेत :

१. नंबरांची वाटणी करावी. राउटरला १, प्रिंटर व इतर कायम यंत्रांना २ ते ४९, आणि राउटरने वाटायचे ५० ते २००. राउटरच्या सेटिंगमध्ये ही हद्द घालता येते.

२. कायम नंबरांची वही ठेवावी. नंबर, यंत्र, जागा आणि तारीख लिहावी.

३. दुसरा राउटर जोडल्यास त्याला वेगळा नंबर देऊन त्याचे डीएचसीपी बंद करावे. घरी वायफाय वाढवतानाही हे लक्षात ठेवावे.

४. सूचना आलीच तर त्या संगणकाची वायर काढून दुसऱ्या संगणकावरून त्या नंबराला ‘पिंग’ करावे. उत्तर आले तर दुसरा धनी सापडलाच. न आले तर वही पाहावी.

विश्वस्तांना कळवावेसे वाटते की यासाठी नवीन यंत्र घ्यावे लागत नाही, वही पुरते. विद्यार्थ्यांना विनंती, सरांना विचारल्याशिवाय नंबर बदलू नका, आणि बदललाच तर त्याच दिवशी वहीत नोंद करा.