सिकलसेलचं संशोधन : आहे, पण सापडत नाही

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका बदलामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट आहे. म्हणजे माहिती भरपूर गोळा होणार. पण किनवटच्या शिक्षकाला किंवा लातूरच्या तरुण डॉक्टरला आपल्या भागाची माहिती हवी असेल, तर ती सहज हाती लागत नाही. त्यामागचे काही गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज १ : हा विदर्भाचा आणि नंदुरबारचा आजार, मराठवाड्याला त्याचं काय?

वस्तुस्थिती : ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये २०१५ साली आदिवासी समाजांतल्या सिकलसेलचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विदर्भ आणि सातपुड्याच्या जोडीला मराठवाड्याच्या काही भागांचाही उल्लेख आहे. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जमातींत वाहकांचं, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांचं, प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळतं. प्रधान समाजाची गणना जास्त प्रमाण असलेल्यांत होते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान हे समाज राहतात आणि यवतमाळशी त्यांची सोयरीक चालते. आजार फक्त आदिवासींपुरताही नाही. विदर्भात तो बिगरआदिवासी समाजांतही आढळतो.

गैरसमज २ : नांदेड-लातूरवर संशोधनच झालेलं नाही.

वस्तुस्थिती : शोध रिकामा निघाला म्हणजे संशोधन नाही, असं होत नाही. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी उस्मानाबादच्या नावावर आहेत आणि उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबादमध्ये. म्हणून जुनं काही शोधताना आजच्या नावांसोबत ही नावंही टाकून पाहावी लागतात.

दुसरी अडचण प्रबंधांची. दोन्ही जिल्ह्यांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले एमडीचे विद्यार्थी मेहनतीने प्रबंध लिहितात. पण त्यांतले अनेक ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात प्रामुख्याने पीएचडीचे प्रबंध असतात, एमडीचे नव्हे. काही प्रबंध स्कॅन केलेले असतात, पण तो पानांचा नुसता फोटो असेल तर त्यातला शब्द संगणकाला शोधता येत नाही.

गैरसमज ३ : किती तपासले आणि किती सापडले, एवढे आकडे पुरेसे आहेत.

वस्तुस्थिती : शिबिराच्या नोंदवहीत ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा असतो. पण कोणत्या चाचणीत? सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट असते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे त्याची सोल्युबिलिटी चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचा अहवालही दिशाभूल करतो.

म्हणून नोंदीत चाचणीचं नाव, तारीख, वय, तालुका आणि नमुने घरोघरी घेतले की दवाखान्यात, हे लिहिलेलं असायला हवं. दवाखान्यात आजारी माणसंच येतात, त्यामुळे तिथलं प्रमाण गावाचं म्हणून सांगता येत नाही. हा तपशील नसेल तर दोन शिबिरांचे आकडे एकत्र करून काही निष्कर्ष काढता येत नाही.

गैरसमज ४ : माहिती खुली केली की रुग्णांची नावं जगजाहीर होतील.

वस्तुस्थिती : भीती रास्त आहे. मुलीच्या लग्नाची काळजी कोणत्या घरात नसते? पण माहिती शोधता येणं आणि ती सर्वांना उघडी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक वर्षी, अमुक तालुक्यात, इतक्या लोकांचा, या चाचणीने अभ्यास झाला आणि मूळ माहिती अमुक विभागाकडे आहे, एवढं वर्णन कुणालाही पाहता यावं. मूळ नोंदी मात्र कुलूपबंद राहाव्यात आणि नैतिकता समितीच्या परवानगीनेच मिळाव्यात. नाव गाळलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. छोट्या पाड्यावर वय आणि जमात कळली तरी माणूस ओळखू येतो. म्हणून आकडे पाड्याऐवजी तालुक्याच्या पातळीवरच द्यावेत.

गैरसमज ५ : संशोधन शोधणं हे मोठ्या डॉक्टरांचं काम.

वस्तुस्थिती : ‘पबमेड’वर शोधनिबंधांचे सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी ‘सीटीआरआय’ २००७ पासून सुरू आहे. आजाराचं नाव टाकलं की कोणत्या शहरात कोणता अभ्यास नोंदवला गेला, हे तिथे दिसतं. आशाताई, शिक्षक, पत्रकार, पालक या सगळ्यांनी ते पाहावं. मात्र निबंध वाचून औषध सुरू किंवा बंद करू नये; सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांनी रक्तविकारांवरच्या आपल्या प्रबंधांची यादी, प्रत्येकी पाच-सहा ओळींच्या वर्णनासह, सर्वांना पाहता येईल अशी करावी. त्याला मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते. आणि वाचकांनो, तुमची किंवा मुलांची तपासणी झाली असेल तर चाचणीचं नाव आणि निकाल असलेला अहवाल मागून घ्या, जपून ठेवा. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती लग्नाआधी हाती असायला हवी.